जूज्याज्याओ: शांघायहून सकाळी जाऊन संध्याकाळी परत (अनुभव धागा)

शेवंती: आज ग्रुपवर पाच कमानींच्या पुलाचा फोटो आला आणि कालव्याकाठचं ते गाव डोळ्यांपुढे उभं राहिलं. जाणाऱ्यांसाठी लिहितेय, भर घाला. मेट्रो २ ने होंगछ्याओ रेल्वे स्टेशन, तिथून १७ नंबरची मेट्रो, जूज्याज्याओ स्टेशनपर्यंत. मध्य शांघायहून सव्वा-दीड तास धरा. घोटाळा नावांत होतो: होंगछ्याओ टर्मिनल २ हे एक स्टेशन आधी, आणि होंगछ्याओ रोड भलतीकडेच. उतरल्यावर वीसेक मिनिटं चाल. गावात शिरायला तिकीट नाही, आतल्या बागा-वाड्यांना आहे.

डबेवाला९: जुन्या गाईडबुकात फक्त बस असते. १७ नंबर डिसेंबर २०१७ ची.

मीठभाकर: अलीपेला (फोनवरून पैसे द्यायचं चिनी अ‍ॅप) कार्ड घरूनच जोडा. ओटीपी भारतातल्या नंबरवर येतो, रोमिंग नसेल तर तिथे हात चोळत बसाल. परदेशी कार्डावर २०० युआनच्या वरच्या बिलाला ३ टक्के जास्त, म्हणून मोठी खरेदी तोडून करा. गूगल मॅप विसरा. गावाचं नाव चिनी अक्षरांत स्क्रीनशॉट करून ठेवा. आणि टिश्यू!! संडासात कागद असेलच असं नाही.

उंबर: चीनच्या २४० तासांच्या बिनव्हिसा ट्रान्झिटमध्ये (तिसऱ्या देशात जाताना मधला मुक्काम) भारतीय पासपोर्ट बसत नाही. आधी ते बघा, मग पूल.

शेवंती: 😄 पूल म्हणजे फांगशेंग. १५७१ चा, १८१२ मध्ये परत बांधलेला. फांगशेंग म्हणजे जीव सोडून देणं. पुलाशी पिशवीत मासे विकतात ते पाण्यात सोडण्यासाठी, तळायला नाही. दोन्हीकडे पायऱ्याच, त्यामुळे बाबागाडी उचलूनच न्यावी लागते. दगड झिजून गुळगुळीत झालाय, पावसात चांगल्या पकडीचे बूट हवेत.

ताई_कोथरूड: शाकाहारी माणूस काय खातो तिथे

मीठभाकर: झोंग्झी मिळतात, चिकट तांदूळ पानात घट्ट बांधून उकडलेले. डुकराच्या मांसाचे सगळ्यात जास्त. लाल चवळीसारख्या डाळीचे गोड दिसले तरी विचारा, सारण बरेचदा चरबीत परततात. ‘वो छर् सू’ म्हणजे मी शाकाहारी. दोऱ्याने बांधलेले तपकिरी चौकोनी तुकडे दिसतील ते झारौ, मांसच. हिरवे सुके दाणे म्हणजे धुरावलेलं कोवळं सोयाबीन, ते बिनधास्त घ्या.

ताई_कोथरूड: म्हणजे आपल्या पातोळ्या!

उंबर: छे, पातोळीत पिठी, इथे अख्खा तांदूळ. पान हळदीचं नाही, बांबूच्या जातीचं. वासच वेगळा.

डबेवाला९: नावेचं भाडं माणशी नसतं, अख्ख्या नावेचं असतं. चौघं-पाचजण जमवा. फेरी लहान की मोठी ते बसण्याआधी ठरवा. वल्हं एकच, मागे, खुंटीवर टेकवलेलं. दांड्याला दोरी बांधून ती नावेच्या फळीला अडकवलेली असते. नावाडी दांडा आडवा हलवतो आणि त्याच लयीत दोरी ओढतो-सोडतो, तसं पातं कलतं. वल्हं पाण्याबाहेर येतच नाही. मागे तोंड करून बसलात तरच दिसेल.

शेवंती: हो! आणि खझी बाग चुकवू नका, १९१२ ची. नावातच अभ्यास आणि लागवड, दोन्ही. उत्तर गल्लीत, म्हणजे बाजाराच्या मुख्य गल्लीत, सकाळी ११ नंतर मुंगीला वाट नाही, त्यामुळे आधी गल्ली, मग बाग. १ ऑक्टोबरच्या आठवड्यात (चीनची राष्ट्रीय सुट्टी) तर जाऊच नका.

ताई_कोथरूड: हळदीची पानं आत्ता मंडईत मिळतील का कुणाला माहीत?

उंबर: श्रावण लागू दे.