‘फाउंडेशन’ला मराठीत काय म्हणावे : पाया, अधिष्ठान की प्रतिष्ठान?

प्रश्न : आयझॅक आसिमोव्ह यांची ‘फाउंडेशन’ ही विज्ञान-कादंबरीमाला मी नुकतीच तिसऱ्यांदा वाचून संपवली. धुळ्यातील आमच्या वाचकमित्रांसमोर तिच्याविषयी मराठीतून बोलायचे आहे आणि पहिल्याच शब्दाशी अडलो आहे. ‘पाया’ म्हटले तर घर डोळ्यांसमोर येते, ‘संस्था’ म्हटले तर कचेरी. कोणता शब्द घ्यावा?

प्रतिसाद : आपली अडचण खरी आहे, कारण या कथेचे रहस्यच त्या शब्दाच्या दोन अर्थांत दडलेले आहे. 1942 साली प्रसिद्ध झालेल्या पहिल्या कथेत दीर्घिकेच्या अगदी कडेच्या टर्मिनस या ग्रहावर विद्वानांची एक वसाहत विश्वकोश तयार करत बसलेली असते, आणि ‘फाउंडेशन’ म्हणजे हा कोश सिद्ध करणारी संस्था, एवढाच अर्थ त्या विद्वानांना ठाऊक असतो. पन्नास वर्षांनी, ही वसाहत वसवणारा गणिती हॅरी सेल्डन याचे आधीच ध्वनिमुद्रित करून ठेवलेले भाषण त्यांच्यासमोर उलगडते. कोश हे केवळ निमित्त होते आणि तुम्ही स्वतःच पुढच्या साम्राज्याचा पाया आहात, हे तेव्हा त्यांना कळते. मुखपृष्ठावर ‘पाया’ छापला तर हे गुपित आधीच फुटते; ‘संस्था’ छापली तर ते कधीच उलगडत नाही.

मराठी विश्वकोशाचे प्रमुख संपादक तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी आपल्या पिंपळनेरचे, आणि कोशाचे काम चालले ते वाईसारख्या लहान गावी. त्यामुळे दूर कोपऱ्यात बसून कोश रचणारी माणसे आपल्याला परकी वाटत नाहीत, आणि त्यांचा झालेला भ्रमनिरासही आपल्याला अधिक लागतो.

‘पाया’ हा शब्द मला मनापासून प्रिय आहे. आमच्या घराच्या वेळी काळ्या जमिनीत चर खणताना गवंडी सांगत होता की काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसाळ्यात फुगते, म्हणून मुरूम लागेपर्यंत थांबायचे नाही. अखेर पहारीचा आवाज बदलला, मऊ धप्प जाऊन खणखण आली, तेव्हा तो म्हणाला, “आता पाया धरा.” इतका सजीव शब्द टाकवत नाही. पण मालेतील 1953 चे पुस्तक ‘सेकंड फाउंडेशन’ आहे, आणि तेथे हा शब्द कोसळतो. एका घराला दुसरा पाया नसतो. ‘दुसरे प्रतिष्ठान’ मात्र सहज म्हणता येते.

‘प्रतिष्ठान’ म्हणजे आज आपल्या लेखी संस्था. परंतु प्रति आणि स्था यांपासून आलेल्या या शब्दाचा संस्कृतातील जुना अर्थ भक्कम आधार, उभे राहण्याची जागा असा आहे, आणि मूर्तीच्या प्रतिष्ठापनेत तो आजही ऐकू येतो. वरवर संस्था आणि तळाशी आधार, असे दोन्ही अर्थ वागवणारा याहून चपखल शब्द मला मराठीत दिसत नाही.

दुसरा प्रतिसाद : मतभेद नोंदवतो. चौकाचौकांतील फलकांवर ‘प्रतिष्ठान’ इतके झाले आहे की त्यातला आधाराचा अर्थ सामान्य वाचकाला जाणवणार नाही. ‘अधिष्ठान’ अधिक गंभीर वाटते.

पुन्हा पहिला प्रतिसाद : तो अर्थ सुरुवातीला जाणवू नये, हेच येथे इष्ट आहे. टर्मिनसच्या विद्वानांनाही आधी फलकच दिसत होता. ‘अधिष्ठान’ हा शब्द मात्र मी दुसऱ्या जागी वापरीन. समर्थांच्या ओवीत चळवळ माणसांची असते आणि अधिष्ठान भगवंताचे, म्हणजे कर्त्याच्या पाठीशी असलेले, त्याच्या हातात नसलेले बळ. जुने साम्राज्य कोसळल्यावर येणारे तीस हजार वर्षांचे अंधारयुग एक हजार वर्षांवर आणण्यासाठी सेल्डनने मांडलेले गणित नेमके तसेच, कोणाच्याही हाती न लागता, प्रतिष्ठानाच्या पाठीशी उभे असते. म्हणून संस्थेला ‘प्रतिष्ठान’ आणि त्या योजनेचे वर्णन करताना ‘अधिष्ठान’, असे मी योजीन.

प्रश्नकर्ता : आभारी आहे. ‘दुसरा पाया’ मोठ्याने म्हणून पाहिला आणि माझा निर्णय झाला. टिपणावर ‘प्रतिष्ठान’ असेच लिहिले आहे. मुरमाची गोष्ट मात्र बोलताना सांगीन, आणि तीही सेल्डनचे भाषण उलगडते त्या प्रसंगानंतरच.