पात्यांशिवाय पंखा: सी-के सिद्धांत कामाचा, की नुसती बाणांची आकृती?

रेघोट्या: नवं सुचतं कसं, यावर पॅरिसच्या माइन्स संस्थेतल्या आर्माँ हाचुएल आणि बेन्वा वेय यांनी सी-के सिद्धांत मांडला. 'के' म्हणजे ज्ञान: खरं की खोटं ते ठरलेलं. 'सी' म्हणजे संकल्पना: आजच्या ज्ञानावरून जिला हो की नाही, काहीच म्हणता येत नाही. 'पात्यांशिवाय पंखा' घ्या. पाती काढली की लगेच प्रश्न येतो, हवा ढकलायची कशाने? शोधाशोधीत नवं ज्ञान हाती लागतं आणि संकल्पनेला पुढच्या फांद्या फुटतात. माझं मत: डिझाइनच्या विद्यार्थ्यांना हे आधी शिकवा, ब्रेनस्टॉर्मिंग नंतर.

खडूस इंजिनिअर: उदाहरण अंगलट आलंय. डायसनचा 2009चा पंखा उघडून बघा. पाती आहेत, फक्त तळात दडवलीत. त्यांनी ओढलेली हवा वरच्या कड्यातल्या बारीक फटीतून सुसाट सुटते आणि आजूबाजूची हवा सोबत खेचते. ही खेच कंपनीला दिसली हात वाळवायच्या यंत्रावर काम करताना. म्हणजे ज्ञान आधी, संकल्पना मागाहून!

रेघोट्या: मग? सिद्धांतात 'सी' आणि 'के' यांच्यातली ये-जा बाणांनी दाखवतात, त्यात 'के'कडून 'सी'कडे जाणारा बाण आहेच. आणि पाती दडवलीच असतील तर संकल्पना अजून मोकळी आहे. विद्युत क्षेत्राने आयन ढकलूनही हवा हलते.

खडूस इंजिनिअर: गोची तिथेच आहे. सी-सी, सी-के, के-सी, के-के, चारही बाण चालतात. ज्याला काहीच वर्ज्य नाही तो सिद्धांत कसला? वर गणितज्ञ पॉल कोहेनच्या 1963च्या फोर्सिंगशी, म्हणजे संचसिद्धांतातल्या एका पद्धतीशी, नातं सांगायचं, की समोरचा गप्प.

अर्धवटराव: फोर्सिंग राहू द्या, अंड्याचा प्रयोग बघा. कोंबडीचं अंडं 10 मीटरवरून सोडायचं, पण फुटू द्यायचं नाही. बहुतेक जण धक्का शोषणं, वेग कमी करणं, अंडं गुंडाळणं यातच घुटमळतात. आधी पॅराशूटचं उदाहरण दिलं तर आणखी अडकतात, अंडं खाली आणणाऱ्या शिकवलेल्या गरुडाचं दिलं तर सुटतात. कुठलं उदाहरण अडकवेल हे सिद्धांतावरून आधीच सांगता येतं. वर्ज्य म्हणतात ते हेच ना?

खडूस इंजिनिअर: गरुड आवडला, मान्य. पण त्या फांद्या आखल्या कोणी? उत्तरं ठाऊक असलेल्यांनीच. डोक्यावर मुदत असताना कोऱ्या कागदावर कोण काढतंय?

रेघोट्या: अख्खं झाड लागतच नाही. 'गुंडाळा'शेजारी 'अंडंच बदला, गोठवा' ही रिकामी फांदी दिसली तरी पुष्कळ.

खडूस इंजिनिअर: गोठताना अंडं सोडायच्या आधीच तडकतं. घ्या, 'के'मध्ये भर.