हायब्रिड रॉकेट: कमी विषारी म्हणजे सुरक्षित नव्हे

हायब्रिड रॉकेटमध्ये घन इंधन आणि ऑक्सिडायझर (इंधन जळण्यासाठी ऑक्सिजन पुरवणारा द्रव किंवा वायू) वेगवेगळे ठेवलेले असतात. त्याचे इंधन रबर किंवा मेण असल्यामुळे सुरक्षिततेचा प्रश्न जवळजवळ सुटलेला आहे, असा एक दावा केला जातो. इंधनापुरते ते बरेचसे खरे आहे, कारण येथे हायड्रॅझिन या द्रव रॉकेट इंधनासारखे विष हाताळावे लागत नाही. मात्र मोठा धोका ऑक्सिडायझरच्या टाकीत असतो आणि त्याकडे दुर्लक्ष होते, याची मला मनापासून काळजी वाटते. नायट्रस ऑक्साइड हा असाच एक ऑक्सिडायझर फारसा विषारी नाही आणि २००४ साली स्पेसशिपवन हे खासगी अवकाशयान त्याच्याच बळावर अवकाशात पोहोचले. परंतु त्याच्या विघटनातून उष्णता बाहेर पडते, आणि टाकीत किंवा नळीत सेंद्रिय पदार्थाचा अंश राहिला, तर ते विघटन स्फोटाचे रूप घेऊ शकते. २००७ साली कॅलिफोर्नियातील मोहावी येथे इंजिन न पेटवता केवळ नायट्रस ऑक्साइडच्या प्रवाहाची चाचणी चालू असताना झालेल्या स्फोटात तिघांचा मृत्यू झाला.

दुसरा ऑक्सिडायझर म्हणजे तीव्र हायड्रोजन पेरॉक्साइड; त्याच्या विघटनातून केवळ वाफ आणि ऑक्सिजन मिळतात, पण त्यालाही टाकीची अत्यंत काटेकोर स्वच्छता लागते.

इंधनाच्या बाजूने मला पॅराफिन, म्हणजे मेण, अधिक आश्वासक वाटते. एचटीपीबी हे रबर घट्ट करण्यासाठी सहसा आयसोसायनेट लागते, जे श्वसनमार्गाला घातक असते; पॅराफिन केवळ वितळवून ओतता येते. शिवाय जळताना त्याच्या पृष्ठभागावरील द्रव थराचे थेंब वायुप्रवाहात ओढले जातात, त्यामुळे ते एचटीपीबीपेक्षा सुमारे तीन ते चार पट वेगाने जळते. त्याचा ठिसूळपणा कमी करण्यावर अधिक काम व्हायला हवे.