रानातली अळंबी ओळखायची कशी? (कुडाळ) सल्ला हवा

माडाखाली:
नमस्कार मंडळी. मे महिन्यापासून आम्ही कुडाळजवळ सासरच्या गावी राहायला आलोय. नवरा मुंबईत वाढलेला, मी नाशिकची. या आठवड्यातल्या पावसानंतर घराच्या आसपास दोन ठिकाणी अळंबी उगवलीय. एक काजूच्या बागेत वारुळाला लागून: राखाडी-पांढरी, टोपीच्या मधोमध टोकदार उंचवटा. दुसरी माडांखाली गवतात, जिथे शेणखत पसरलं होतं: पांढरीशुभ्र, वर तपकिरी खवले, बशीएवढी मोठी. दिसायला दुसरीच जास्त छान.
सासूबाईंनी लहानपणी भरपूर खाल्लीय, पण रानातून आणायचे त्यांचे वडील, त्यामुळे ओळख त्यांना सांगता येत नाही. मोबाइलवरचं अ‍ॅप एकाच अळंबीला दर फोटोमागे वेगळं नाव देतंय. घरात लहान मुलगी आहे, म्हणून खात्री झाल्याशिवाय चुलीवर काही चढणार नाही. वरून काढलेले फोटो जोडलेत. यातलं खाण्याजोगं काय?

पाणंद:
आमच्याकडे शिजवताना चांदीचं नाणं किंवा लसूण टाकतात. काळं पडलं तर विषारी. आणि किडे-गोगलगाय खात असतील तर माणसालाही चालते म्हणतात.

रानमेवा_दोडामार्ग:
पाणंद, हे सगळीकडे ऐकायला मिळतं, पण कृपा करून यावर कोणी विसंबू नका. अळंबीतल्या विषाने चांदी काळी पडत नाही आणि लसूणही नाही. जी अळंबी माणसाचं यकृत निकामी करते, ती गोगलगाय आरामात खाते.

माडाखाली, वरून काढलेल्या फोटोवरून कोणीही होकार दिला तर तो मानू नका, मी दिला तरी. अळंबीची ओळख टोपीखाली आणि मातीखाली असते. प्रत्येक जागची एकेकच अळंबी घ्या, पण उपटू नका. खुरप्याने बाजूची माती सैल करून पूर्ण दांडा काढा.

वारुळाची असेल (आमच्याकडे आणि गोव्यात रोयणीची म्हणतात) तर दांडा मातीत मुळासारखा निमुळता होत खोल जातो. वाळवी वारुळात पालापाचोळा चावून त्यावर बुरशी वाढवते, तिथून ही वर येते. शास्त्रीय नाव टर्मिटोमायसिस. वाळवीशिवाय ती वाढत नाही, म्हणून तिची शेती होत नाही आणि बाजारात भाव चढा असतो.

दांड्याच्या बुडाशी पिशवी किंवा वाटीसारखं आवरण दिसलं तर तिथेच थांबा. अमानिटा नावाच्या जातींना असं आवरण असतं, आणि जगातल्या सर्वांत घातक अळंब्या त्यातच आहेत. उपटून काढली की हे आवरण मातीत राहतं आणि हातात निरुपद्रवी वाटणारी पांढरी अळंबी येते. दांड्यावरच्या कड्यावरून मात्र निकाल लावू नका. काही रोयणीच्या अळंबीलाही कडं असतं.

मग बीजाणूंचा, म्हणजे टोपीखालून झडणाऱ्या बारीक पावडरीचा, ठसा घ्या. दांडा कापून टोपी अशी ठेवा की पात्या (टोपीखालच्या पातळ पट्ट्या) खाली येतील, अर्धी पांढऱ्या आणि अर्धी काळ्या कागदावर ठेवा. वर वाटी झाका आणि रात्रभर हलवू नका. सकाळी पावडरीचा रंग बघा. रोयणीच्या अळंबीचा ठसा फिकट गुलाबीसर येतो, अमानिटाचा पांढरा. गुलाबी आला म्हणजे खायची असं मात्र नाही, गुलाबी ठशाच्या विषारी जातीही आहेत. ठसा नकार द्यायला उपयोगी, होकार द्यायला एकटा पुरत नाही.

माडाखालच्या खवलेवालीबद्दल मला आत्ताच काळजी वाटते. गवतात, शेणखतावर येणारी क्लोरोफायलम नावाची विषारी अळंबी अगदी अशीच दिसते. कोवळी असताना पात्या पांढऱ्या असतात, त्यामुळे लोक फसतात. पुढे त्या हिरवट होतात.

सात्या_गोंदिया:
आमच्याकडे विदर्भात याच वारुळाच्या अळंबीला सात्या म्हणतात. एक भर घालतो: दरवर्षी त्याच जागेवरून काढणाऱ्या गावातल्या माणसाला टोपलीतली नाही, उगवलेल्या जागी नेऊन दाखवा. आणि तुम्ही आधी नाव सांगू नका, त्यांना सांगू द्या.

वैद्यकी:
मी डॉक्टर आहे, ग्रामीण रुग्णालयात काम केलंय. खाल्ल्यावर तासा-दोन तासांत उलट्या-जुलाब सुरू झाले तर त्रास भयंकर होतो, पण बहुतेक रुग्ण सलाइनवर सावरतात. क्लोरोफायलमचं असंच असतं. मला जास्त भीती उशिरा सुरू होणाऱ्या त्रासाची वाटते. घातक अमानिटाने सहा ते बारा तास, कधी त्याहूनही जास्त, काहीच होत नाही. मग जोराचे जुलाब-उलट्या. त्यानंतर रुग्णाला बरं वाटतं, घरचे सुटलो म्हणतात, आणि त्याच वेळात यकृत खराब होत असतं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी कावीळ दिसते. हे विष उकळून, तळून, वाळवून जात नाही.
शंका आली तर त्रास सुरू व्हायची वाट बघू नका. १०८ ला फोन करा, आणि ज्यांनी खाल्लंय त्या सगळ्यांना न्या, ज्यांना काही होत नाही त्यांनाही. उरलेली कच्ची अळंबी कागदात गुंडाळून सोबत घ्या.

ओकवृक्ष_बे_एरिया:
कॅलिफोर्नियातून लिहितेय. इथे ओकच्या झाडांखाली अमानिटा फॅलॉइडिस उगवते, युरोपातून झाडांबरोबर आलेली. आशियातून आलेल्या लोकांना ती आपल्याकडच्या भाताच्या पेंढ्यावरच्या अळंबीसारखी वाटली आणि जीव गेले. दोन्हींना बुडाशी पिशवी असते, म्हणून फसगत होते. गावाकडची नजर परमुलखात चालत नाही. परदेशातल्या मंडळींनी इथला सल्ला वाचून तिथल्या रानात जाऊ नये, ही कळकळीची विनंती.

माडाखाली:
सगळ्यांचे मनापासून आभार. काल सांगितलं तसं केलं. माडाखालच्या टोपीचा ठसा हिरवट-राखाडी आला, पांढऱ्या कागदावर स्पष्ट दिसतोय. दांड्यावरचं कडं बोटाने वरखाली सरकतं. सगळी काढून खड्ड्यात पुरली, मुलीला तिकडे जायचं नाही असं सांगितलंय.
वारुळाजवळचीचा दांडा वीतभर खाली जाऊन निमुळता झाला, बुडाशी पिशवी नाही, ठसा फिकट गुलाबी. वाडीतल्या काकींना काही न सांगता बागेत नेलं. लांबूनच म्हणाल्या, “रोयणीची गो ती, तुझे आजेसासरे हयसूनच काढीत.”

रानमेवा_दोडामार्ग:
जागा, दांडा, ठसा आणि काकी सगळे एकच सांगतायत, मग माझीही हरकत नाही. काकींनी स्वतः बघितलेलीच तेवढी घ्या. पूर्ण उमललेल्या, किडलेल्या तिथेच राहू द्या आणि वारूळ खणू नका. खालची वाळवी शाबूत राहिली तर पुढच्या वर्षी त्याच जागी येईल. अभयारण्याच्या हद्दीतून मात्र काही काढू नका, कायद्याने बंदी आहे.
दांड्याची माती सुरीने खरवडा, पाण्यात भिजत ठेवू नका. कांदा, ओलं खोबरं, शेवटी आमसूल. पूर्ण शिजवा. पहिल्यांदा खाताय तर मोठ्यांनी थोडीशीच खा, मुलीला या वर्षी नको. आणि दोन कच्च्या अळंब्या कागदात गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवा, दोन दिवस तरी टाकू नका.