मिडी क्लॉकची एखादी टिक गळते, मदत हवी आहे

आर्डुइनो उनो या मायक्रोकंट्रोलर बोर्डवर मिडी क्लॉक (वाद्यं एका लयीत ठेवणारे ठोके, म्हणजे टिक) घेऊन कॉर्ग व्होल्का या छोट्या सिंथच्या सिंक-इनला (बाहेरून ताल घेणारा जॅक) पल्स देतोय. मिडीत क्वार्टर नोटला (एका बीटला) 24 टिक, व्होल्काला 2 पल्स. म्हणजे दर 12 टिकला एक, 5 व्होल्ट, 15 मिलिसेकंदांचा. मिडीचा 'स्टार्ट' संदेश आल्यावर काउंटर शून्य करून पहिल्याच टिकला पल्स सोडतो, त्यामुळे सम नेमकी पडते. कोडमध्ये 'डिले' (प्रोग्राम थांबवून ठेवणारी आज्ञा) कुठेच नाही. तरी अधूनमधून टिक गळते आणि व्होल्का क्वार्टर नोटच्या चोविसाव्या हिश्शाने मागे पडतो. कानाला लगेच टोचतं.

संशय 6एन138 वर, म्हणजे मिडीचा सिग्नल आत घेणाऱ्या ऑप्टोकपलरवर (प्रकाशाने सिग्नल पलीकडे देणारी चिप). मिडीचा एक बिट 32 मायक्रोसेकंदांचा, पण ऑसिलोस्कोपवर पिन 6 ची (आउटपुटची) चढती कड गोलसर दिसते. पुलअप (आउटपुट 5 व्होल्टकडे ओढणारा रेझिस्टर) 10 किलोओहम, पिन 7 मोकळी. पुलअप 1 किलोओहम करू, पिन 7 ते 5 रेझिस्टर लावू (किती?), की सरळ एच11एल1 हा दुसरा ऑप्टोकपलर बसवू?