मुंबई–लंडन: जाताना साडेचार तास, येताना साडेचौदा?

लेकीच्या बाळंतपणाला जानेवारीत निघालेय, एकटीच, पहिल्यांदाच. तिकिटावर मुंबईहून दुपारी २, लंडनला संध्याकाळी ६.३०. परतीचं रात्री ९ ला सुटून दुसऱ्या दिवशी ११.३० ला मुंबई. शेजारचे भाऊजी म्हणतात, छापताना चुकलंय. खरं काय?

— काकू, तिकीट बरोबर आहे. वेळा त्या-त्या गावच्या घड्याळाच्या असतात. हिवाळ्यात लंडन आपल्यामागे साडेपाच तास. म्हणजे जाताना १० तास, येताना ९. अंतर दोन्हीकडून तेच, सरळ रेषेत साधारण ७,२०० किमी.

— तो एक तास वाऱ्याचा. वर दहा-बारा किमीवर पश्चिमेकडून पूर्वेला जोरदार वारे वाहतात, थंडीत जास्तच. येताना पाठीवर, जाताना तोंडावर. आणि सीट कडेची घ्या, खिडकीची नको. माझ्या आईला दर वेळी दोघांना उठवून बाथरूमला जावं लागलं, म्हणून तिने पाणीच प्यायलं नाही. उतरल्यावर चपला पायात जाईनात.

— कडेची घेते. बीपीची गोळी सकाळी ८ ला असते, ती कुठल्या ८ ला?

— ते निघण्याआधी डॉक्टरांनाच विचारा. आणि भाऊजींना वाऱ्याचं सांगा!