शाळेला जेवण पुरवणाऱ्याची उलाढाल पाहायची की स्वयंपाकघर?

सातपूरची लेक
काल आपल्या नाशिकच्या ग्रुपवर एका केटरिंगवाल्या दादांनी लिहिलं होतं, "ज्यांच्याकडे तीन वर्षांची उलाढाल नाही, सीएचा दाखला नाही, त्यांनी शालेय पोषण आहाराच्या निविदेच्या वाटेला जाऊ नये. पोरांचं जेवण म्हणजे भिशीचा कार्यक्रम नव्हे." हे मला फार लागलं, म्हणून सविस्तर लिहितेय.

माझ्या आईच्या बचत गटाने सातपूरच्या एका शाळेत सहा वर्षं खिचडी शिजवली. १८० मुलं. पहाटे पाचला मटकी निवडायला बसायच्या. एकही मूल आजारी पडलं नाही. मग अनेक शाळांचं एकाच ठिकाणी शिजवणाऱ्या मोठ्या स्वयंपाकघराची निविदा निघाली आणि गट बाहेर. कारण काय, तर उलाढाल बसत नाही. पॅन, जीएसटी, आयकराचे कागद, बयाणा म्हणजे निविदेसोबत भरायची अनामत, अनुभवाचा दाखला. यातला कुठला कागद सांगतो की डाळ शिजली आहे? अन्न परवाना हवाच, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. छोट्या धंद्याला नोंदणी, मोठ्याला परवाना, दोन्ही ऑनलाइन होतं. पाण्याची तपासणी, अन्नाला हात लावणाऱ्या प्रत्येकीची वर्षाला वैद्यकीय तपासणी, दर २५ कामगारांमागे प्रशिक्षण घेतलेला एक पर्यवेक्षक. एवढं मागा ना! हे बायका करू शकतात. बँकेचा हिशेब बघून स्वयंपाक कसा कळतो?

केटरर, पाथर्डी फाटा
ती पोस्ट माझीच. भिशीचा शब्द नको होता, तो मागे घेतो. बाकी एक अक्षर मागे घेत नाही.

ताई, हिशेब करा. पहिली ते पाचवीला एका मुलामागे शिजवण्याचा खर्च ६.७८ रुपये धरलाय, सहावी ते आठवीला १०.१७. तांदूळ सरकारचा. म्हणजे १८० लहान मुलांचे दिवसाला १२२० रुपये, शाळेचे २४ दिवस धरले तर महिन्याला साधारण २९ हजार. बिल तीन महिने अडकलं तर ८८ हजारांची उधारी कोणता किराणावाला देईल? माझ्याकडे १० हजार मुलं असतील तर महिन्याला सव्वासोळा लाख अडकतात. उलाढालीची अट त्यासाठी असते. ज्याच्या खिशात दम नाही तो चौथ्या महिन्यात डाळ पातळ करतो. डाळ पातळ होताना मी डोळ्यांनी पाहिलंय.

सातपूरची लेक
किराणावाल्याने आईला उधारी दिलीच नाही. आईने बांगड्या ठेवल्या. म्हणून सांगते, बिल उशिरा काढणाऱ्याला जाब विचारायचा सोडून भांडवल नसलेल्या बाईला बाहेर काढायचं, हा कुठला न्याय?

सिडकोतली आई
दोघंही पैशांवरच बोलताय. माझी मुलगी तिसरीत आहे. मोठ्या स्वयंपाकघरातून गाडी निघते, द्वारका चौकात अडकते आणि पोरांच्या ताटात गार गोळा पडतो. अन्न निदान ६५ अंशांवर गरम राहायला हवं. शाळेच्या दारात थर्मामीटर लावलेला कुणी पाहिलाय का? पात्रता ठरवताना रस्ता मोजा. सकाळी साडेदहाला अंबडहून नाशिकरोडला पोचून दाखवा म्हणावं.

आणि चव घ्यायचा नियम आहे ना? मुलांना वाढण्याआधी मोठ्या माणसांनी खायचं, त्यात एक शिक्षक हवा. आमच्या शाळेत चव रजिस्टरवर महिनाभराच्या सह्या एकाच दिवशी झालेल्या मी स्वतः पाहिल्या. शिक्षकांनी हे एवढं एक काम धड केलं असतं तर अर्धी भांडणं मिटली असती.

गुरुजी, पंचवटी
"एवढं एक काम"? माझ्या वर्गात ४३ मुलं. तांदळाचा साठा, रोजची उपस्थिती, जेवलेल्यांची ऑनलाइन नोंद, चव रजिस्टर, त्यावर निवडणूक आणि सर्वेक्षण. मी शिकवायचं कधी?

आता अनुभव सांगतो. चार वर्षांपूर्वी डब्याचं झाकण उघडलं तर वरणाला आंबूस वास. मी अख्खे कॅन परत पाठवले. मुलं उपाशी. पालक माझ्याच अंगावर आले, "मास्तर, तुम्हाला काय कळतं?" खिशातून सहा डझन केळी आणली. पुरवठादाराचा माणूस दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांना भेटून गेला, आणि मला सांगण्यात आलं की इतकं कडक राहू नका. तेव्हापासून चव मीच घेतो, रोज. पण सही करताना पाठीशी कुणी नसतं, हे कळू द्या.

सिडकोतली आई
गुरुजी, तुम्ही प्रामाणिक असाल. सगळे नाहीत. शिक्षकांना काही विचारलं की लगेच निवडणुकीचं काम पुढे येतं. माझा नवरा कंपनीत बारा तास उभा असतो, तो ठेकेदाराला सांगतो का की आज तपासणी जमली नाही?

गुरुजी, पंचवटी
तुमच्या नवऱ्याला एक काम असतं, बाई. मला अकरा. शाळा व्यवस्थापन समितीत पालकच बहुसंख्य असतात. तुम्ही किती वेळा जेवणाच्या वेळी आलात? मागच्या वर्षी माझ्या शाळेत चव घ्यायला दोन पालक आले. वर्षभरात दोन.

सिडकोतली आई
आले होते मी. तीनदा. दोनदा गेटवर थांबवलं, "मुख्याध्यापक मीटिंगला गेलेत." तुम्ही पालकांना येऊ देत नाही आणि वर येत नाहीत म्हणता!

गुरुजी, पंचवटी
तुम्हाला थांबवलं ते चूकच. मी असतो तर आत घेतलं असतं. पण त्याचा राग सगळ्या शिक्षकांवर काढू नका.

इगतपुरीकर
मास्तर आणि पालकांचं भांडण रात्रभर चालेल, मूळ मुद्द्यावर या. मोठं म्हणजे वाईट असं नसतं. आमच्या मुंढेगावला टाटा ट्रस्टच्या मदतीने आदिवासी विकास विभागाचं मोठं स्वयंपाकघर उभं राहिलं. आश्रमशाळांना तिथून जेवण जाऊ लागलं. भांडी, वाफेवरचा स्वयंपाक, स्वच्छता, हे बचत गटाच्या एका खोलीत कसं होणार? आणि २०१३ ला बिहारमध्ये छपऱ्याजवळ २३ मुलं गेली, ती शाळेतच शिजलेल्या जेवणाने. तिथे उलाढालीवाला ठेकेदार नव्हता.

सातपूरची लेक
छपऱ्याचं नाव घेताय तर पूर्ण घ्या. तेलात कीटकनाशक होतं, आणि तेल बरोबर नाही हे स्वयंपाकिणीने सांगितलं होतं. मुख्याध्यापिकेने ऐकलं नाही. शिजवणारीचं ऐकलं असतं तर मुलं वाचली असती. आपल्याकडे ती बाई महिन्याला २५०० रुपये मानधनावर राबते. नियमाप्रमाणे १८० मुलांना तिघीच. तिचं नाक, तिची जीभ कुठल्या निविदेत मोजली जाते?

इगतपुरीकर
हे मान्य करावं लागेल. स्वयंपाकिणीचं बरोबर आहे. तरी स्वच्छतेचा प्रश्न उरतोच, चुलीच्या धुरात ताटातल्या कॅलरी मोजता येत नाहीत.

सातपूरची लेक
आमच्याकडे गॅस होता, दादा. आणि मोजमाप तुमच्या मोठ्या स्वयंपाकघरातही कागदावरच असतं, जोवर ताटातला नमुना कुणी प्रयोगशाळेत पाठवत नाही.

माझी मागणी लिहून ठेवते. एका पुरवठादाराला जवळजवळच्या मोजक्याच शाळा द्या. उलाढालीची अट मुलांच्या संख्येप्रमाणे लावा, दोनशे मुलांना दोनशेची. निविदेची पाकिटं उघडण्याआधी स्वयंपाकघर बघायला जा, न सांगता, सकाळी सहाला. त्यात नापास झालेल्याची किंमत वाचूच नका.

केटरर, पाथर्डी फाटा
सकाळी सहाला या, माझं दार उघडं आहे. त्यात नापास होणारे माझ्या धंद्यातले चौघे मला ठाऊक आहेत. संख्येप्रमाणे उलाढाल, हे मला आवडलेलं नाही. एका शाळेसाठी स्वतंत्र निविदा काढली तर अधिकारी कागदांत बुडतील. पण वीस शाळांचा गठ्ठा करून तो एकालाच द्यायचा, ही पद्धत मलाही पटत नाही. तिथे मीही दोनदा मोठ्यांपुढे हरलोय.

सिडकोतली आई
म्हणजे तुम्हालाही तीच अट नडली!

केटरर, पाथर्डी फाटा
हो, नडली. आनंद झाला असेल तर होऊ द्या. तरी अट नसावी असं मी म्हणणार नाही, कमी असावी म्हणेन.

ताई, तुमच्या आईच्या गटाची अन्न नोंदणी अजून चालू आहे का बघा. संपली असेल तर आधी ती करा, मग पाण्याचा अहवाल, मग सगळ्यांची वैद्यकीय तपासणी. खासगी शाळांपासून सुरुवात करा, तिथे शाळा स्वतः ठरवते, फक्त पुरवठादाराकडे नोंदणी किंवा परवाना असलाच पाहिजे. जास्त तेल-तूप, साखर किंवा मीठ असलेलं काही कँटीनच्या यादीत धरू नका, २०२० च्या नियमांनी ते शाळेत विकायला बंद केलंय. गटाच्या नावाने उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, तीही काढून ठेवा, काही निविदांत बयाणा माफ होतो, अट नीट वाचा. फॉर्म अडला तर मला मेसेज करा. महापालिकेच्या निविदेत मात्र मी तुमच्या समोर असेन, आणि जिंकायलाच उतरेन.

सातपूरची लेक
उतरा. आईला नोंदणीचं विचारलं, मार्चमध्ये संपली म्हणाली. उद्या फॉर्म भरते.